रेहल: आधी सांधा बघा, नक्षी नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आजीकडून आलेली, कुराण ठेवायची लाकडी रेहल आमच्या घरात आहे. दोन फळ्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत, पण कुठे खिळा नाही, लोखंडी बिजागरी नाही, चिकटवल्याची खूणही नाही. ही बनवतात कशी? नक्षीवरून वय कळेल का? पावसाळ्यात ती अडकते आणि मधल्या भागात बारीक चीर दिसते. पॉलिश करून घ्यावी का?"

पॉलिशवाल्याकडे आत्ता नेऊ नका. चीर नेमकी कुठे आहे ते आधी बघायला हवं आणि ती का पडली हे कळायला रेहल बनते कशी ते कळायला हवं. म्हणून उत्तर लांबेल. मी लाकडी वस्तूंच्या जतनाचं काम करतो. देव्हारे, पालख्या, जुने दरवाजे, मिंबरांचे (मशिदीतल्या प्रवचनाच्या आसनांचे) तुकडे, औषधांच्या पेट्या असं बरंच काही हाताखालून गेलं. तरी रेहल आली की आजही मी आधी ती दोनदा उघडून मिटवून बघतो, नक्षीकडे नंतर वळतो. रेहलीचं सगळं शहाणपण तिच्या सांध्यात असतं.

तुमच्या रेहलीच्या दोन फळ्या बहुधा मुळात दोन नाहीतच. ती एकच फळी असावी. खात्री करायची असेल तर रेहल पूर्ण मिटवा आणि तिची वरची कड उजेडात धरा. लाकडाची वर्षवलयं तिथे आडव्या किंवा कमानदार रेषांसारखी दिसतील. एका पानावरची, म्हणजे रेहलीच्या एका बाजूवरची, रेषा मधली फट ओलांडून दुसऱ्या पानावर जवळपास तशीच पुढे जाताना दिसली, तर फळी एक होती. मध्ये रेषा किंचित तुटल्यासारखी वाटेल, कारण तेवढं लाकूड करवतीने खाल्लेलं असतं. रेषांचा एकमेकींशी काहीच संबंध नसेल तर दोन वेगळे तुकडे आणून जोडलेत असं समजा.

आता एका फळीतून कातरीसारखी उघडणारी वस्तू कशी निघते ते सांगतो. घरगुती रेहलीसाठी साधारण बारा-चौदा इंच लांब, सात-आठ इंच रुंद आणि पाऊण ते एक इंच जाड फळी लागते. लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेने सरळ जायला हवेत. मधोमध नाही, तर सांधा जिथे हवा तिथे, फळीच्या दोन्ही तोंडांवर दोन आडव्या रेषा आखतात. त्यांच्यातलं अंतर फळीच्या जाडीइतकं. हा पट्टा म्हणजे पुढची बिजागरी. त्याच्या वरचा भाग पुस्तक धरणार, खालचा पाय होणार. मग रुंदीचे पाच किंवा सात सारखे भाग पाडतात. बहुतेकदा विषम संख्या घेतात, म्हणजे दोन्ही कडांना एकाच पानाची बोटं येतात आणि सांधा दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. या भागांना मी बोटं म्हणतो, कारण दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तशीच ती काम करतात.

दोन बोटांच्या मधली उभी रेघ फळीच्या आरपार कापायची. त्यानंतर खरं डोकं लागतं. पुढच्या तोंडावर पहिलं, तिसरं, पाचवं बोट वरच्या भागाला जोडलेलं ठेवायचं आणि खालून तोडायचं. दुसरं, चौथं बोट वरून तोडायचं आणि खालच्या भागाला जोडलेलं ठेवायचं. फळी उलटी केली की नेमकं याच्या विरुद्ध. हे काप फळीच्या अर्ध्या जाडीपर्यंतच जातात. तुटलेल्या बाजूला बोटाचा कोपरा पटाशीने गोल करायचा, म्हणजे ते फिरू शकेल. हे सगळं झाल्यावर फळी कडेवर उभी करून वरच्या टोकाकडून करवत घालायची आणि जाडी मधोमध चिरत बोटांपर्यंत यायचं, तिथे थांबायचं. मग खालच्या टोकाकडून तसंच. शेवटचे दोन-चार तंतू सुटले की फळी हातात हलते. हळूच दाबलं की ती फुलीसारखी उघडते.

या क्षणी नेमकं काय होतं ते ओळखायला मला बरीच वर्षं लागली. एका पानाचा वरचा भाग पुढच्या अर्ध्या जाडीतून आलेला असतो आणि खालचा भाग मागच्या अर्ध्या जाडीतून. दुसऱ्या पानाचं उलट. प्रत्येक पानात बोटांच्या मधे चौकोनी भोकं असतात, ती चारही बाजूंनी बंद असतात, आणि त्या भोकांमधून दुसऱ्या पानाची बोटं गेलेली असतात. साखळीच्या दोन कड्या एकमेकींत असाव्यात तशी ही अवस्था आहे. म्हणून अखंड फळीची रेहल वेगळी करता येत नाही. ती सुटी करायची तर मोडावीच लागते. म्हणूनच खिळा, काडी, डिंक यातलं काहीही तिला लागत नाही. पान किती उघडेल हेही बोटांच्या गोलाईवर ठरतं. गोलाई जिथे संपते तिथे लाकूड लाकडाला टेकतं आणि रेहल त्या कोनात उभी राहते.

तिची दुखरी जागाही इथेच आहे. फळी चिरताना करवत जिथे थांबते त्याच प्रतलात बोटांच्या पोटातून लाकडाचे तंतू जातात. पानाचा वरचा अर्धा भाग आणि खालचा अर्धा भाग यांना जोडणारं लाकूड म्हणजे फक्त त्या बोटांची उंची, म्हणजे एखादा इंच. करवत चुकून दोरा-दोन दोरे (दोरा म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढे गेली तरी बोटाच्या पोटात चिरेची सुरुवात होऊन बसते. ती लगेच दिसत नाही. वीस-पंचवीस वर्षं रेहल उघडमीट होते, एखाद्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, कुणीतरी जोर लावून उघडतं आणि चीर बाहेर येते. तुमच्या रेहलीची चीर मधल्या पट्ट्यात, बोटाच्या मध्यातून उभी जात असेल तर ती हीच. पानावर, नक्षीच्या मध्ये असेल तर ती निराळी, बहुधा लाकूड सुकण्याची, आणि तिची फारशी काळजी नको.

हा आकार आला कुठून? नावातच त्याचा मागमूस आहे. अरबीत 'रहल' म्हणजे उंटाच्या पाठीवर बसवायचं खोगीर. एकमेकांना छेदणाऱ्या लाकडांची चौकट त्यात असते. तुर्कीत रहले, उर्दू-दखनीत आणि आपल्याकडे रेहल. पण रेहल म्हणजे मशिदीतला कुर्सी नव्हे, हा घोटाळा बरेच जण करतात. कैरोच्या, ममलूक सुलतानांच्या काळातल्या मशिदींत वाचणारा स्वतः वर चढून बसतो आणि समोर मुसहफ, म्हणजे कुराणाची प्रत, ठेवतो असं मोठं लाकडी आसन असतं, त्याला कुर्सी म्हणतात. ते जागेवर स्थिर असतं. रेहल जमिनीवर बसून वाचणाऱ्यासाठी आहे, मिटते, काखेत धरून नेता येते. खोगिराचं नाव प्रवासातल्या वस्तूला मिळालं हे मला पटतं.

जगातली सर्वांत मोलाची मानावी अशी एक रेहल न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. हसन बिन सुलैमान इस्फहानी या कारागिराने ती हिजरी 761च्या झिलहिज महिन्यात, म्हणजे 1360 सालच्या शरदात, घडवली. त्याने आपलं नाव आणि तारीख लाकडावर कोरली, म्हणून आपण हे इतक्या ठामपणे सांगू शकतो. तिची उंची सुमारे 130 सेंटिमीटर. मदरशात मोठ्या आकाराचा मुसहफ धरण्यासाठी ती होती. पानांच्या वरच्या चौकोनात 'अल्लाह' हा शब्द चार बाजूंनी फिरवून मोठ्या अक्षरांत कोरला आहे. खाली मिहराबसारखी (मशिदीतल्या, नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्यासारखी) कमान, तिच्यात सरूचं झाड, फुलांच्या वेली. कोरलेल्या मजकुरात बारा इमामांची नावं येतात. पण या रेहलीकडे कारागिराने बघावं ते खोलीसाठी. नक्षी एका पातळीवर नाही. पुढे एक वेल, तिच्या मागे खोलात दुसरी, त्याच्याही मागे तिसरी अशी ती उतरत जाते. मी आधी सांगितलं त्याचा अर्थ इथे लागतो: फळी चिरल्यावर प्रत्येक पानाला निम्म्याहून कमी जाडी उरते. घरगुती रेहलीच्या पानाला जेमतेम तीन-चार दोरे असतात, त्यात किती खोल जाणार? इतकी खोल नक्षी हवी तर सुरुवातीलाच तेवढ्या जाडीचं लाकूड घ्यावं लागतं. पहिली करवत घालण्याआधीच शेवटची वेल किती खोल जाणार हे ठरलेलं असतं. हसन इस्फहानीने ते ठरवलं होतं, हे लाकूडच सांगतं.

आणि ते लाकूड सागाचं आहे. इराण किंवा मध्य आशियात घडलेल्या वस्तूला साग कुठून आला? सागाचं झाड तिकडे उगवत नाही. ते आपल्या सह्याद्रीत, मलबारात, पलीकडे ब्रह्मदेशात वाढतं. हिंदी महासागरातून इराकच्या आणि इराणच्या बंदरांकडे सागवान नेण्याचा व्यापार या रेहलीच्याही पाचशे वर्षं आधीपासून चालू होता. ट्युनिशियात कैरवानच्या मोठ्या मशिदीतलं मिंबर इसवी सन 862च्या सुमाराचं आहे, आणि त्याचे 300हून अधिक कोरीव तुकडे भारतातून नेलेल्या सागाचे आहेत. अरबीतला सागाचा शब्द 'साज' आणि आपला 'साग' यांचं नातं ऐकूनच कळतं. मेट्रोपॉलिटनमधल्या रेहलीचं झाड नेमकं कुठल्या डोंगरावर होतं ते कुणी सांगू शकणार नाही. पण आपल्याकडच्या सुताराला ज्या लाकडाची ओळख आजोबांपासून आहे, त्याच लाकडात हे काम झालं आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

साग कोरायला सोपा नाही. त्यात रेतीसारखे कण असतात, पटाशीची धार लवकर जाते. पण तो तेलकट असतो, कीड कमी लागते आणि पाण्या-हवेने फारसा हलत नाही. रेहलीसाठी हा शेवटचा गुण सोन्यासारखा, कारण न हलणारं लाकूड म्हणजे पावसाळ्यात न अडकणारा सांधा.

दुसरी महत्त्वाची रेहल तुर्कस्तानात कोन्याला आहे. मौलाना जलालुद्दीन रूमी 1273 साली गेले. त्यांच्या दर्ग्यासाठी हिजरी 678, म्हणजे 1279च्या सुमारास, एक रेहल अर्पण झाली, ती आता तिथल्याच मेव्हलाना संग्रहालयात आहे. बाहेरून कोरीवकाम आहे, आणि आतल्या बाजूला, जिथे मुसहफ टेकतो तिथे, रंगकाम आहे: वेलबुट्टीच्या जाळीत दोन डोक्यांचा गरुड आणि त्याच्याभोवती सिंह. पुस्तक ठेवलं की हे चित्र झाकलं जाणार, हे करणाऱ्याला माहीत होतं. तरीही त्याने ते केलं, आणि झाकलेलं असल्यामुळेच बहुधा ते सातशे वर्षं टिकलं. त्या काळी तिथे राज्य करणाऱ्या सेल्जुक तुर्कांच्या कलेत दोन डोक्यांचा गरुड वरचेवर येतो, राजसत्तेची खूण म्हणून. धर्मग्रंथाच्या खाली प्राण्यांची चित्रं कशी, असं आज कुणाला वाटेल. तेराव्या शतकातल्या कोन्यात ते वावगं वाटलं नव्हतं, एवढं मात्र ही रेहलच सांगते.

समरकंदची रेहल लाकडाची नाही, तरी तिच्याविषयी सांगितल्याशिवाय राहवत नाही. तैमूरने बांधलेल्या बीबी खानम मशिदीत संगमरवराची प्रचंड रेहल आहे. ती त्याचा नातू उलुग बेग याने करवली. पूर्वी ती मशिदीच्या आत होती, 1875 साली अंगणात आणली. स्थानिक बायका मूल व्हावं म्हणून तिच्या खालून रांगत जात. एवढ्या मोठ्या रेहलीवर ठेवायला पुस्तक तरी केवढं हवं! तैमूरच्या काळातल्या एका मुसहफाची सुटी पानं आज निरनिराळ्या संग्रहालयांत आहेत. एकेक पान जवळपास पावणेदोन मीटर उंच आणि मीटरभर रुंद. तो लिहिणारा उमर अक्ता, असं परंपरा सांगते. त्याचा उजवा हात नव्हता, तो डाव्या हाताने लिही. त्याने आधी अंगठीत मावेल इतका लहान मुसहफ लिहून तैमूरला दिला, तैमूरला त्याचं काही वाटलं नाही. मग त्याने इतका मोठा लिहिला की गाड्यावर घालून आणावा लागला, आणि तैमूर स्वतः सामोरा गेला. गोष्ट खरी-खोटी असो. लेखन कसं वाढलं आणि त्याला धरणारं आसन त्याच्या मागोमाग कसं वाढलं, हे तिच्यातून कळतं.

उस्मानी (ऑटोमन) इस्तंबूलमध्ये रेहलीचा रंग पालटला. तिथे कोरण्यापेक्षा जडवण्यावर भर आला. मोत्याचा शिंपला, कासवाची पाठ, हस्तिदंत, आबनूस हे काळं लाकूड यांचे लहान लहान भौमितिक तुकडे लाकडावर बसवलेले. शिंपल्याला तुर्कीत सदफ म्हणतात, आणि शिंपल्याचं काम करणारा तो सदफकार. इस्तंबूलची निळी मशीद ज्याने 1609 ते 1616 या काळात उभी केली त्या वास्तुकाराचं नावच सदफकार मेहमेद आगा. हातातल्या वस्तूवर तुकडे बसवणारा माणूस पुढे घुमट उभारतो, यात मला काही विचित्र वाटत नाही. कोन सांभाळायचे असतात, ते दोन्हीकडे सारखेच. पण जडावाच्या रेहलीचं दुखणं वेगळं. लाकूड हवेबरोबर फुगतं आणि आकसतं, शिंपला आकसत नाही. म्हणून जुन्या उस्मानी रेहलीवर तुकडे उचलले गेलेले किंवा गळालेले दिसतात. तुमची रेहल कोरीव आहे, जडावाची नाही, त्यामुळे हा त्रास तुम्हाला नाही.

आता आपल्या उपखंडात येऊ, कारण तुमची रेहल बहुधा इथलीच आहे. तीन ठिकाणं डोळ्यांसमोर ठेवा. काश्मीरात श्रीनगरला अक्रोडाच्या लाकडावर काम होतं. अक्रोडाचं लाकूड बारीक पोताचं, पटाशीखाली लोण्यासारखं जातं आणि बारीक तपशील धरून ठेवतं. कारागीर ते कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं, सावलीत सुकवतात. मुळाकडचं लाकूड गडद, रेषा ठळक, खोडाचं मध्यम रंगाचं आणि मजबूत, फांद्यांचं फिकट. चिनारचं पान, द्राक्षवेल, कमळ, गुलाब हे तिथले नेहमीचे नमुने. उत्तर प्रदेशात सहारनपूरला शिसमाच्या रेहली मोठ्या प्रमाणात होतात, मुंबईत मोहम्मद अली रोडवर मिनारा मशिदीच्या आसपास रमजानआधी दुकानांत ज्या रचलेल्या दिसतात त्यांतल्या बऱ्याचशा याच प्रकारच्या. हा शिसम म्हणजे आपली शिसवी नव्हे, तिच्या कुळातला, पण रंगाने तपकिरी आणि पट्टेदार. बिजनौर जिल्ह्यातलं नगीना हे आबनुसावरच्या बारीक भौमितिक कामासाठी प्रसिद्ध. काळं, जड, पाण्यात बुडणारं लाकूड.

रेहल हातात तोलून बघा. हलकी, चॉकलेटी, नखाने हलका ओरखडा उमटेल अशी असेल तर अक्रोड. आकाराच्या मानाने जड आणि गडद-फिकट पट्टे असतील तर शिसम. सोनेरी तपकिरी, हाताला किंचित तेलकट आणि घासल्यावर चामड्यासारखा वास आला तर साग.

नक्षीवरून वय सांगता येतं का? थेट उत्तर: जवळजवळ नाही. चिनारचं पान आणि वेल शंभर वर्षांपूर्वी कोरत होते, आजही कोरतात. बाजारात 'मुघलकालीन' म्हणून दाखवलेल्या कितीतरी रेहली मी पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकांना माझ्यापेक्षा कमी वय होतं. वय शोधायचं तर सांध्यात आणि जिथे नक्षी नाही तिथे. पानांच्या आतल्या बाजूला, करवत चालली त्या पृष्ठभागावर, तिरप्या उजेडात बघा. सरळ, थोडे वाकडेतिकडे, असमान ओरखडे असतील तर हातकरवत. एकाच गोलाईचे कमानदार ओरखडे एकामागोमाग एक असतील तर यंत्राची गोल करवत, म्हणजे वस्तू त्यामानाने अलीकडची. पायांच्या खालच्या कडा बघा: रोज चटईवर, फरशीवर टेकून त्या गोलसर आणि गुळगुळीत होतात, आणि दोन्ही पाय सारखे झिजत नाहीत. बोटांच्या कुशीत, जिथे रंधा किंवा कानस पोहोचत नाही तिथे, लाकूड घासून चकाकत असेल तर रेहल हजारो वेळा उघडली-मिटली आहे. ही चकाकी कुणाला खोटी करता येत नाही. पॉलिश केलं की ती जाते, हे नीट लक्षात घ्या.

कोरलेला मजकूर असेल तर तो वाचून घ्या. रेहलीवर बहुधा बिस्मिल्ला, कधी आयतुल कुर्सी ही कुराणातली आयत असते. पूर्ण आयत कोरलेली असेल तर ती वरच्या पानांवर असायला हवी. पायांवर, जमिनीलगत आयत येऊ नये हे बहुतेक कारागीर पाळतात, तिथे वेल किंवा भौमितिक जाळी असते. कुठे उलटं दिसलं तर कारागिराला मजकूर वाचता येत नसावा, किंवा नक्षी नुसती नक्कल केलेली असावी असा अंदाज मी करतो.

मुसहफ जमिनीवर ठेवायचा नाही, गुडघ्याच्या खाली राहू नये, हा रेहलीमागचा अदब तुम्हाला घरातूनच माहीत असेल. पण पुस्तकाच्या बांधणीशीही तिचा संबंध आहे, त्याबद्दल फार कमी बोललं जातं. जुन्या इस्लामी बांधणीत पानांच्या जुड्या साखळीच्या टाक्याने शिवतात, पाठ सपाट असते आणि डाव्या पुठ्ठ्याला एक झडप असते, तिला लिसान म्हणजे जीभ म्हणतात. ती पानांच्या कडा झाकते. अशी बांधणी टेबलावर सपाट उघडली की पाठीवर ताण येतो आणि शिवण सुटते. रेहल पुस्तकाला काटकोनाच्या आसपास उघडते आणि तिथेच धरून ठेवते. पाठीचं आयुष्य त्यामुळे वाढतं. आमच्या क्षेत्रात हस्तलिखितं दाखवताना फोमच्या उशा तिरप्या लावतात, त्याही पुस्तक असंच अर्धं उघडं ठेवण्यासाठी. रेहल हे काम शेकडो वर्षांपासून करत आली आहे. तिची एकच कमतरता आहे: पाठ बरोबर सांध्याच्या घळीत येते आणि बोटांच्या कडा तिला टोचतात. म्हणून जुन्या घरांत रेहलीवर मऊ कापड अंथरूनच मुसहफ ठेवत. जुझदानाचं, म्हणजे मुसहफ गुंडाळून ठेवायच्या वेष्टनाचं, कापडच खाली पसरत. तुमच्याकडे जुना मुसहफ असेल तर तसंच करा, चार पदरी सुती कापड पुरेल.

पारायणाला बसताना ज्ञानेश्वरी किंवा गुरुचरित्र ठेवायला आपल्याकडे जी दुमडती लाकडी फुली घेतात, तिचा सांधा हाच. देवघरातल्या त्या वस्तूचीही हीच निगा ठेवायची, म्हणून पुढचं तिलाही लागू आहे.

आता तुमच्या रेहलीचं काय करायचं. पावसाळ्यात ती अडकते कारण बोटं रुंदीत फुगतात. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेनेच फुगतं आणि बोटं शेजारी शेजारी रुंदीतच बसलेली आहेत. जोर लावू नका. तेल, साबण, मेणबत्ती काहीही सांध्यात घालू नका. तेल सांध्यात धूळ धरून ठेवतं. ती जशी आहे तशी, मिटलेली असेल तर मिटलेली, हवेशीर कपाटात उभी ठेवा, भिंतीला टेकवून नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की ती आपोआप सुटेल. उन्हात ठेवून घाई करू नका. ऊन एका बाजूने लाकूड सुकवतं आणि फळी वाकते.

बोटातली चीर असेल तर रेहल सुटल्यानंतर, कोरड्या दिवसांत ती भरायची. पातळ केलेला गरम सरस चिरेत उतरवायचा, आणि चीर बंद होईल इतकाच दाब बाहेरून, कापडाची पट्टी गुंडाळून द्यायचा. सरस का? उद्या तो गरम पाण्याने पुन्हा सोडवता येतो. पांढरा डिंक किंवा इपॉक्सी लावला की पुढच्या माणसाला लाकूड तोडण्यावाचून मार्ग राहत नाही. आणि डिंकाचा एक थेंब शेजारच्या बोटावर गेला की दोन पानं कायमची एक होतात. म्हणून सरस लावण्याआधी शेजारच्या फटींत मेणकागदाच्या पट्ट्या सरकवायच्या. सरस सुकेपर्यंत रेहल अर्धवट उघडी ठेवायची, पूर्ण मिटवायची नाही. चीर बोटाच्या आरपार गेली असेल, म्हणजे पान हलवल्यावर ती उघडझाप करत असेल, तर हे घरी करू नका. जतनाचं काम जाणणाऱ्याकडे द्या. सुतार स्क्रू मारून देतो म्हणाला तर नको म्हणा. स्क्रू त्याच कमकुवत प्रतलात शिरतो आणि चीर दुसऱ्या बोटात जाते. असं दोनदा माझ्याकडे आलेलं आहे, आणि दोन्ही वेळा एका बोटाऐवजी तीन बोटं दुरुस्त करावी लागली.

खाली पिठासारखी बारीक पूड पडलेली दिसली, लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असली, तर किडीचा संशय घ्या. भोकं जुनी असू शकतात, पूड ताजी असते. रेहल काळ्या कागदावर ठेवा, महिनाभर बघा. पूड पडली तर रेहल इतर लाकडापासून वेगळी करून, पिशवीत बंद करून जाणकार माणसाला दाखवा. रॉकेल ओतू नका.

स्वच्छता कोरड्या मऊ ब्रशने, नक्षीच्या खोलीतून बाहेरच्या दिशेने. पाणी नाही, ओला फडका नाही. लोबानाच्या धुराचा काळा थर आणि अत्तराचे डाग यांना हात लावू नका. ते लाकडाचं नुकसान करत नाहीत, आणि तुमच्या घरात ही रेहल कशी वापरली गेली त्याची तेवढीच खूण आहे. लाकूड अगदी कोरडं, पांढरट वाटलं तर वर्षातून एकदा, हिवाळ्यात, मधमाशांच्या मेणाचा अगदी पातळ हात पानांच्या बाहेरच्या बाजूला द्या आणि लगेच कापडाने पुसून काढा. आतल्या बाजूला, जिथे मुसहफ टेकतो तिथे काहीच लावायचं नाही. मेण कागदात उतरतं. चकचकीत वार्निशचा तर विचारही करू नका: ते बोटांच्या फटींत साचतं आणि वाळल्यावर सांधा दगडासारखा होतो.

पुढचं काही विचारायचं असेल तर नक्षीच्या वर्णनाने मला फारसं कळणार नाही. मिटलेल्या रेहलीची वरची कड कशी दिसते, बोटं किती आहेत, आणि चीर कितव्या बोटात, कुठल्या तोंडावर आहे, एवढं मोजून लिहा.